गाठींची दोरी

पहिलं पत्रक मीच लिहिलं होतं, सोळा पानी.
"आपत्कालीन परिस्थितीत आस्थापनाधारकांनी
निर्गमन मार्गाचा अवलंब करावा."
व्यापारी संघाच्या सचिवांनी मान डोलावली,
आर्ट पेपर, दोनशे प्रती,
आणि आठवड्याभरात ते मला परत भेटलं
इतवारीतच, बटन ओळीच्या तोंडाशी,
फुटाण्याच्या पुड्या होऊन.

मे महिना. छप्पन्न दुकानं, एक बोळ,
कूलरच्या वायरींना चिकटपट्ट्यांचे सांधे.

किल्ल्या करणारे पुंजाराम निखारे.
मी कौतुकानं भिंतीवरचा नवा भोंगा दाखवला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आपल्या कानाला हात लावला, नाही म्हणून हलवला,
आणि कानस पुन्हा पितळेवर फिरवू लागले.

तीनचाकीवरचे देवाजी पौनीकर म्हणाले,
"तुमच्या चित्रातला माणूस धावून रायला.
मी कोणत्या पानावर आहो?"

मालूंच्या दारात कापडी बाहुल्यांची रांग.
"दोन फूट मोकळे सोडू म्हणता?
त्या दोन फुटात माझा अख्खा सीझन उभा रायते, ताई."

मग मी लॅपटॉप घरी ठेवला.
दुपारी दोनला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना,
एकच प्रश्न घेऊन दुकानोदुकानी बसले:
दिवे गेले तर बाहेर कसे पडता?

सकिनाबाई हातानं लेस मोजत होत्या,
कोपरापासून बोटापर्यंत, काचबिंदूच्या धुक्यात.
"कसं म्हणजे? चल."
भिंतीवर तळवा टेकून निघाल्या.
तिसरा खांब. उतार.
मारुतीच्या कोनाड्याची गार फरशी.
मग चिवड्याच्या कढईचा वास,
मग रस्त्याची झळ.
मी डोळे मिटून मागे,
आणि कूलरच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं.
त्या हसल्या. टेंगूळ चार दिवस होतं.
सोळा पानांत जे नव्हतं ते सगळं त्यात होतं.

मस्कासाथेतून जाड सुती दोरी आणली.
किती उंचीवर बांधायची
ते देवाजींनी बसल्या जागी हात लांबवून ठरवलं.
एक गाठ: चालत राहा.
दोन गाठी: पायरी.
तीन: सुटलास, बापा.
भोंग्याला लाल दिवा जोडायचा होता.
निखाऱ्यांनी माझा बल्ब नाकारला,
स्वतःचा आणला, दुप्पट झगझगीत.
पत्रक उरलं एका पानाचं,
चार चित्रं, तळहाताएवढे आकडे,
आणि मालूंचंच वाक्य, बाहुल्या हलवताना पुटपुटलेलं:
आधी माणूस, मग गल्ला.

सचिव म्हणाले, "छान. पण संघाचं बोधचिन्ह?"

महिन्यानं गेले तर दोरीवर दुकान मांडलेलं.
लेसची भेंडोळी, पिनांचे पुठ्ठे,
कुणाचा तरी ओला टॉवेल.
मी तडकले. मालू म्हणाले,
"काढतो नं. काहून तापून रायल्या?"
सकिनाबाई आतून बोलल्या, "टॉवेल काढ. लेस राहू दे.
दिवसातून पन्नासदा हात लागतो तिला.
नुसती टांगलेली दोरी कोण लक्षात ठेवतं?"
मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

त्याच संध्याकाळी वीज गेली.
जळलं काही नाही, रोजच्यासारखी गेली.
अंधारात लेस सरकल्याचा आवाज,
निखाऱ्यांच्या बॅटरीवरचा लाल दिवा भकभक,
आणि छिंदवाड्याहून परवाच आलेला पोऱ्या,
ज्याला माझं एकही अक्षर वाचता येत नाही,
मोजत चाललेला,
"एक... एक... दो, सीढ़ी है..."

मी भिंत चाचपत होते.
दोरी मीच बांधलेली, मलाच सापडेना.
कुणीतरी माझं मनगट धरलं,
गाठीवर ठेवलं,
आणि पुढे निघून गेलं.